आडवा पडदा घेताना

कापड घ्यायला गेले म्हणजे आपण दोन गोष्टी विचारतो. मीटरला भाव काय, आणि पन्हा किती. पन्हा न विचारता कापड फाडायला सांगणारा माणूस विरळाच. पण तोच माणूस संगणकाचा पडदा, म्हणजे मॉनिटर, घ्यायला दुकानात शिरला की एकच प्रश्न विचारतो, "किती इंची आहे हो?" दुकानदार सांगतो, "३४ इंची." शेजारी २७ इंची मांडून ठेवलेला असतो. सात इंच जास्त, आणि दिसायलाही कसा ऐसपैस! मग काय, पैसे जमत असले तर ३४ इंचीच घरी येतो. पन्हा विचारायचा राहूनच जातो.

हल्ली बाजारात नेहमीच्या पडद्यांच्या रांगेत हे लांबोडके पडदे दिसू लागले आहेत. त्यांना अल्ट्रावाइड म्हणतात. आपण त्यांना आडवे पडदे म्हणू. खेळ खेळायला उत्तम, सिनेमा पाहायला उत्तम, कामाला तर दोन पडद्यांच्या जागी एकच पुरे, असे त्यांच्या खोक्यावर छापलेले असते. यातले खरे किती, कोणासाठी खरे आणि कोणासाठी नाही, हे पाहून मग पैसे मोजावेत. शाळेच्या खात्यात लोकवर्गणीतून साठलेली रक्कम असली तर अधिकच. कारण एकदा घेतलेला पडदा पुढची सात-आठ वर्षे कोणी बदलून देत नाही, आणि चुकीची वस्तू घेतली तरी ती त्याच टेबलावर बसून राहते.

तर आधी पन्ह्याचा हिशेब करू. पडद्याचे इंच म्हणजे त्याची रुंदी नव्हे आणि उंचीही नव्हे. डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यापासून उजव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतचे ते तिरके माप आहे. गणिताच्या गुरुजींच्या भाषेत सांगायचे तर तो कर्ण आहे. कर्ण तेवढाच ठेवून आयत जितका चपटा करावा तितके त्याचे क्षेत्रफळ घटत जाते. मुलांना पायथागोरसचा सिद्धान्त शिकवताना हे उदाहरण फळ्यावर अवश्य घ्यावे. पुस्तकातल्या भिंतीला टेकवलेल्या शिडीपेक्षा मुलांना ते जवळचे वाटेल.

नेहमीच्या पडद्याची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण १६ ला ९ असे असते. १६ चा वर्ग २५६ आणि ९ चा वर्ग ८१, बेरीज ३३७, त्याचे वर्गमूळ साधारण १८.३६. आता २७ ला १८.३६ ने भागा, १.४७ येतात. त्याला १६ ने गुणले की रुंदी साडेतेवीस इंच, ९ ने गुणले की उंची १३.२ इंच. आडव्या पडद्यांवर "२१:९" असे छापलेले असते, पण ते बोलण्यापुरते. बाजारात सर्वांत जास्त दिसणारा ३४ इंची पडदा आडवे ३४४० आणि उभे १४४० ठिपके असलेला असतो, आणि त्याचे खरे प्रमाण ४३ ला १८ असे पडते. वरच्याच रीतीने गणित करून पाहा. रुंदी ३१.४ इंच येते आणि उंची १३.१ इंच.

म्हणजे काय झाले? सात इंच वाढले खरे, पण उंची जिथली तिथेच राहिली. किंचित कमीच झाली म्हणा. ३४ इंची आडवा पडदा हा २७ इंची पडद्याचाच भाऊ आहे, फक्त दोन्ही खांद्यांना चार-चार इंच रुंद. आणि नेहमीच्या आकाराचा पडदा ३४ इंची केला असता तर त्याचे क्षेत्रफळ ४९४ चौरस इंच भरले असते, याचे भरते ४१२. सहावा हिस्सा कमी. यात कोणी कोणाला फसवले असे नाही. आकडा खराच आहे. पण तो कशाचा आकडा आहे हे घेणाऱ्याने विचारलेले नसते.

हाच हिशेब बाकीच्या मापांना लावला की बाजार स्वच्छ दिसू लागतो. २९ इंची आडवा पडदा उंचीला ११.३ इंच, म्हणजे २३ इंची साध्या पडद्याएवढा. ४० इंची आडवा पडदा उंचीला १५.५ इंच, म्हणजे ३२ इंची साध्याच्या बरोबरीचा. आणि ४९ इंची म्हणून जो प्रचंड पडदा मिळतो, ज्याचे प्रमाण ३२ ला ९ आहे, तो रुंदीला ४७ इंच, चार फुटांना फक्त इंचभर कमी, पण उंचीला पुन्हा सव्वातेराच. दोन २७ इंची पडदे एकमेकांना चिकटवून ठेवावेत, तसा. म्हणून दुकानात जाण्याआधी जुन्या वर्तमानपत्राचे कागद चिकटवून ३१.४ बाय १३.१ इंचांचा एक आणि २३.५ बाय १३.२ इंचांचा एक असे दोन तुकडे कापा. ते पुठ्ठ्यावर लावून आपल्याच टेबलावर उभे करा आणि समोर खुर्ची टाकून बसा. दहा मिनिटांत जे कळेल ते जाहिरातीची दहा पाने वाचून कळणार नाही.

आता हा आकार आला कुठून, तेही थोडे पाहू, कारण त्यात निवडीचे अर्धे उत्तर आहे. चलच्चित्रे सुरू झाली तेव्हा चौकट ४ ला ३ अशी होती. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्याच काळातला. पुढे दूरदर्शन संच आले तेही त्याच आकाराचे. अमेरिकेत घरोघरी हे संच पोचले तशी चित्रपटगृहे ओस पडू लागली, आणि घरच्या पेटीत मावणार नाही असे काही दाखवावे म्हणून १९५३ मध्ये 'द रोब' हा चित्रपट सिनेमास्कोप या रुंद पडद्यावर आला. आपल्याकडे गुरुदत्त यांनी १९५९ मध्ये 'कागज के फूल' हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट काढला. त्याचे छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे. तेव्हापासून मोठ्या चित्रपटांचा एक घराणेदार आकार ठरून गेला. तो साधारण २.३९ ला १.

मग आधीचा चौकोनी आकार आणि हा लांब आकार, दोघांनाही निदान बरी जागा देईल असा मधला आकार शोधायची गरज पडली. १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत केर्न्स पॉवर्स नावाच्या इंजिनियरांनी निरनिराळ्या प्रमाणांचे सारख्याच क्षेत्रफळाचे आयत काढले, एकावर एक मध्यभागी ठेवले आणि दाखवून दिले की १६ ला ९ ही चौकट सगळ्यांना सारख्या मायेने सांभाळते. गणिताच्या अंगाने पाहिले तर हा जुन्या आणि रुंद आकाराचा भूमितीमध्य आहे. एक गंमत सांगतो. ४/३ चा वर्ग १६/९ येतो, आणि घन ६४/२७. आजच्या कित्येक आडव्या पडद्यांचे प्रमाण बरोबर ६४ ला २७ आहे.

तात्पर्य काय, तर नेहमीचा पडदा ही तडजोड आहे आणि आडवा पडदा हा पक्षपात आहे. तो सिनेमाच्या बाजूने पक्षपात करतो. २.३९ चा चित्रपट २७ इंची साध्या पडद्यावर लावला तर वरखाली काळे पट्टे येतात आणि चित्र पावणेदहा इंच उंचीचे उरते. तोच चित्रपट ३४ इंची आडव्या पडद्यावर काठोकाठ भरतो. चित्राचे क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन पट होते. हा फायदा खोटा नाही, आणि ज्याने एकदा रात्री दिवा मालवून असा चित्रपट पाहिला त्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

पण आपण दिवसभर सिनेमास्कोप पाहतो का? क्रिकेटचा सामना, बातम्या, मालिका, शेतीविषयक कार्यक्रम, मुलांचे यूट्यूबवरचे धडे हे बहुतेक सगळे १६ ला ९ मध्येच बनतात. ते ३४ इंची आडव्या पडद्यावर लावले की डावी-उजवीकडे चार-चार इंच काळी जागा मोकळी पडते आणि चित्र नेमके २७ इंची पडद्याएवढेच दिसते. जुना ४ ला ३ चा बोलपट लावला तर दोन्हीकडे सात-सात इंच अंधार. फिलिप्स कंपनीने २००९ मध्ये याच आकाराचा ५६ इंची दूरदर्शन संच बाजारात आणला होता. तो प्रकार फार वर्षे चालला नाही. घरातले कार्यक्रम एका आकाराचे आणि संच दुसऱ्या, असे कोण चालवून घेईल? शिवाय आणखी एक अडचण आहे. पुष्कळदा रुंद चित्रपट आधीच वरखाली काळे पट्टे घालून १६ ला ९ मध्ये भरलेला असतो. तो आडव्या पडद्यावर लावला की वरखाली पट्टे आणि बाजूलाही पट्टे. मृत्युलेखाच्या चौकटीत फोटो छापावा तसे चित्र मधोमध बसते. ज्यांना मुख्यतः करमणुकीसाठी पडदा हवा आहे त्यांनी आपण आठवड्यात काय पाहतो, याची यादी आधी कागदावर मांडावी.

आता कामाकडे वळू. इथे आडव्या पडद्याची बाजू मला सर्वांत भक्कम वाटते, आणि ते समजायला हजेरीपटाइतके चांगले उदाहरण नाही. हजेरीपट आडवा का असतो? महिन्याचे दिवस एकतीस म्हणून. वार्षिक निकालपत्रक आडवे का? विषय आठ, प्रत्येकाचे आकारिक, संकलित, एकूण आणि श्रेणी, झाले बत्तीस रकाने. हे पत्रक अरुंद पडद्यावर उघडले की उजवीकडचे रकाने दिसेनासे होतात. ते पाहायला सरकावे तर डावीकडची नावे गडप. अशा वेळी एका मुलाचे गुण दुसऱ्याच्या ओळीत पडतात, आणि ते जूनमध्ये पालक दाखला घ्यायला आले म्हणजे उघडकीला येते. आडव्या पडद्यावर नाव आणि शेवटची श्रेणी एकाच नजरेत येतात. पतपेढीचे हिशेब, ग्रामपंचायतीची कराची यादी, दूध संघाचा दहा दिवसांचा तक्ता, सगळ्यांना हेच लागू. फक्त एवढे लक्षात असू द्या, की पहिला रकाना जागच्या जागी थांबवून बाकीचे सरकवण्याची सोय एक्सेलमध्ये आणि तसल्या इतर फुकट मिळणाऱ्या कार्यक्रमांतही आहे. ती वापरली तर निम्मा त्रास दिडकीही न खर्चता जातो. आधी ती करून पाहा, मग पडद्याचा विचार करा.

दुसरे काम म्हणजे दोन-तीन कागद शेजारी ठेवून करायचे काम. एकीकडे पाठ्यपुस्तक, मध्ये आपण तयार करत असलेली प्रश्नपत्रिका, उजवीकडे मागच्या वर्षीची. प्रत्यक्ष आकाराचा ए-४ कागद सव्वाआठ इंच रुंद आणि ११.७ इंच उंच असतो. १३.१ इंच उंचीच्या पडद्यावर तो खऱ्या आकारात उभा मावतो, वर पट्ट्यांना थोडी जागा उरते, आणि ३१.४ इंच रुंदीत असे तीन कागद सहज बसतात. २७ इंचीवर दोन बसतात. पण २९ इंची आडव्या पडद्याची उंची ११.३ इंचच असल्याने त्यावर एकही कागद खऱ्या उंचीने मावत नाही! म्हणून स्वस्त पडतो म्हणून २९ इंची आडवा पडदा कामासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रुंदीचा मोह पडतो आणि उंची हातची जाते.

आणि ज्याचे काम एकामागून एक पाने लिहीत जायचे आहे, त्याला रुंदीचा काय उपयोग? पोथी आठवा. ताडपत्राच्या आकारामुळे पोथीचे पान आडवे झाले, ओळी लांब झाल्या, आणि वाचणाऱ्याला पुढची ओळ चुकू नये म्हणून बोट ठेवावे लागू लागले. आडव्या पडद्यावर एकच मजकूर कडेपासून कडेपर्यंत पसरून वाचायला बसाल तर डोळ्यांची तीच गत होईल. खिडक्या शेजारी शेजारी मांडण्याची शिस्त अंगी असेल तरच हा पडदा फळतो. विंडोज ११ मध्ये ती मांडणी करून देणारी सोय आहे. खिडकीच्या कळीसह झेड दाबले की घरे आखलेली दिसतात.

आता ठिपक्यांविषयी. पडद्यावरचे अक्षर ठिपक्यांनी बनते आणि एका इंचात किती ठिपके, यावर त्याची स्वच्छता ठरते. एकाच ३४ इंची मापात दोन प्रकार विकायला असतात. एकात आडवे ३४४० ठिपके, म्हणजे इंचाला सुमारे ११०. दुसऱ्यात २५६०, म्हणजे इंचाला ८२ च. दुसरा बराच स्वस्त असतो आणि खोक्यावरचे चित्र दोघांचे सारखेच! इंग्रजी अक्षरे ८२ वर कशीबशी निभावतात. आपली देवनागरी मात्र निभावत नाही. शिरोरेषेतल्या बारीक फटीवर आपल्याकडे अक्षराचा अर्थ बदलतो. घ आणि ध, भ आणि म यांतले अंतर तेवढेच. त्यावर अनुस्वार, रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. कमी ठिपक्यांच्या पडद्यावर 'ष्ट्य' किंवा 'द्ध' म्हणजे शाईचा डाग होतो. ज्यांना दिवसभर मराठी मजकूर लिहायचा-तपासायचा आहे त्यांनी इंचाला १०० च्या खाली उतरू नये. दुकानात नमुना म्हणून रंगीत फुलांचे आणि समुद्राचे चित्र लावलेले असते, त्याकडे पाहू नका. एक मराठी मजकुराचे पान बरोबर न्या आणि ते लावायला सांगा. ४० इंची पडदा ५१२० बाय २१६० ठिपक्यांचा मिळतो. त्यात इंचाला १३९ भरतात, आणि अक्षर छापील पुस्तकाच्या जवळ जाते. किंमत मात्र ऐकून घ्यावी लागते.

खेळांबद्दल बोलताना गुरुजी मंडळी कपाळाला आठ्या घालतील, पण घरात मुले आहेत आणि पडदा एकच येणार आहे, तेव्हा तेही बोलले पाहिजे. मोटार पळवण्याचे, विमान उडवण्याचे, मोकळ्या रानात हिंडण्याचे जे खेळ आहेत त्यांत आडव्या पडद्याने खरोखरच डावी-उजवीकडचा जास्त मुलूख दिसतो. पण प्रत्येक खेळ ही जास्तीची जागा वापरतोच असे नाही. 'एल्डन रिंग' हा गाजलेला खेळ २०२२ मध्ये आला तेव्हा तो फक्त १६ ला ९ मध्येच चालत होता, आणि आडवा पडदा घेऊन बसलेल्यांच्या वाट्याला दोन्हीकडे काळी जागा आली. प्लेस्टेशन ५ जोडून खेळणार असाल तर त्याचे चित्रही १६ ला ९ चेच असते. तिथे आडवा पडदा घेणे म्हणजे बैलगाडीला चार बैलांचे जू घेऊन दोनच बैल जुंपणे. बुद्धिबळ खेळणाऱ्याला तर विचारायलाच नको. पट चौरस, तो उंचीएवढाच मोठा होणार.

आणखी एक खर्च इथे दडलेला असतो. खेळाचे चित्र संगणकाला क्षणोक्षणी नव्याने काढावे लागते. २५६० बाय १४४० च्या पडद्यावर ३६.९ लाख ठिपके असतात, ३४४० बाय १४४० वर ४९.५ लाख. म्हणजे शेकडा ३४ काम वाढले. ४९ इंची पडद्यावर ७३.७ लाख, म्हणजे दुप्पट. हे काम करणारा भाग, ग्राफिक्स कार्ड, जुना आणि अशक्त असेल तर नवा पडदा येऊन खेळ उलट अडखळू लागतो. मग मुलगा सांगतो, "बाबा, आता कार्डही घ्यावं लागेल." पडद्याची किंमत विचारताना या दुसऱ्या मागणीची तयारी ठेवावी. साध्या कामाला आणि चित्रपटाला हा प्रश्न येत नाही.

चित्र सेकंदाला किती वेळा नवे होते, तोही आकडा खोक्यावर असतो. कामाला ६० पुरतात. चपळाईच्या खेळाला १०० ते १४४ असले तर हालचाल गुळगुळीत दिसते. पडद्याच्या जातींपैकी आयपीएस सर्व कामांना मध्यम आणि बाजूने पाहिले तरी रंग टिकवणारी. व्हीए जातीत काळा रंग अधिक गडद, पण अंधारातल्या वेगवान दृश्यांत काहींमध्ये चित्र पुसट ओढले जाते. ओएलईडीवर सिनेमा अप्रतिम दिसतो, परंतु एकच स्थिर आकृती महिनोन्महिने राहिली तर तिचा डाग कायमचा उमटण्याचा धोका असतो. रोज आठ तास तोच तक्ता उघडा ठेवणाऱ्याने या जातीपासून दूरच राहावे.

आता वाकेविषयी. बहुतेक आडवे पडदे धनुष्यासारखे वाकवलेले असतात. खोक्यावर १८००आर किंवा १०००आर असे लिहिलेले असते. ती त्या वर्तुळाची त्रिज्या, मिलिमीटरमध्ये. १८००आर म्हणजे १.८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. आकडा लहान तितका बाक जास्त. हे केवळ शोभेसाठी नाही. हातभर, म्हणजे सुमारे २८ इंच, अंतरावर बसून ४७ इंची रुंद सपाट पडदा पाहिला तर मधला भाग २८ इंचांवर आणि कडा साडेछत्तीस इंचांवर पडतात. डोळ्यांना सारखे जवळ-लांब करावे लागते, आणि कडेची अक्षरे तिरपी दिसतात. बाक दिला की कडा जवळ येतात. ३४ इंचीत हा फरक चारच इंचांचा असल्याने तिथे बाक असला काय, नसला काय, सवयीचा प्रश्न आहे. जमिनीचे नकाशे आणि घराचे आराखडे काढणाऱ्यांना मात्र सरळ रेघ सरळच दिसली पाहिजे. त्यांनी सपाट घ्यावा.

पण या बाकातून एक मोठी गोष्ट ध्यानात येते. वर्तुळाला मध्य एकच असतो. वाकवलेला पडदा एकाच खुर्चीसाठी बनवलेला आहे. शेजारी दोघे बसले की एकाला डावी कड बुटकी दिसते आणि दुसऱ्याला उजवी. म्हणूनच वर्गात मुलांना दाखवण्यासाठी आडवा पडदा घेण्याचा विचार कुणी मांडला तर त्याला तिथेच थांबवा. तेरा इंच उंचीचे चित्र मागच्या बाकावरून वाचता येत नाही. बहुतेक वेळा त्याच पैशांत ४३ इंची साधा दूरदर्शन संच मिळतो, त्याची उंची एकवीस इंच असते आणि तो चाळीस मुलांना दिसतो. सपाट असतो, १६ ला ९ असतो, आणि धडेही त्याच आकारात बनलेले असतात.

दूरवरून शिकवण्यातही हीच मेख आहे. शिक्षकाने आपला सबंध आडवा पडदा मुलांना दाखवला, आणि मुलाने वडिलांचा फोन उभा धरला असेल, तर फोनच्या पावणेतीन इंच रुंदीत ते चित्र सव्वा इंचाहूनही कमी उंचीची पट्टी होऊन बसते. त्यात फळ्यावरचे गणित काय दिसणार? शिकवताना सबंध पडदा न दाखवता एकच खिडकी दाखवावी, आणि ती १६ ला ९ च्या आसपास ठेवावी. उरलेल्या जागेत आपली हजेरी आणि टिपणे उघडी ठेवता येतात. मुलांना ती दिसत नाहीत आणि आपल्याला मान वळवावी लागत नाही. इथे शिक्षकासाठी आडवा पडदा खरोखर सोयीचा आहे, बरं का.

"मग दोन साधे पडदेच का घेऊ नयेत?" असे कोणी विचारील. अवश्य विचारावे. दोन २४ इंची पडदे बहुधा एका चांगल्या ३४ इंची आडव्या पडद्याहून स्वस्त पडतात आणि मिळून बेचाळीस इंच रुंदी देतात. एक बिघडला तर दुसऱ्यावर काम चालते. परीक्षेच्या दिवसांत एक काढून दुसऱ्या संगणकाला लावता येतो. आडवा पडदा बिघडला की सगळेच ठप्प, आणि तालुक्याच्या गावी त्याचा सुटा भाग मिळेलच असे नाही. उलट बाजूने, दोन पडद्यांच्या मध्ये चौकटीची उभी काठी येते, दोहोंचे रंग जुळत नाहीत, तारा दुप्पट होतात, आणि मधोमध बसणाऱ्याच्या नाकासमोर नेमकी ती काठी येते. रुंद तक्ता करणाऱ्याला ती सोसत नाही. वेगवेगळी दोन कामे करणाऱ्याला तिचे काहीच वाटत नाही. शाळेच्या कार्यालयासाठी मला विचाराल तर दोन साधे पडदे. घरी एकट्याने हिशेब, लेखन आणि रात्री एखादा चित्रपट, असा मेळ घालणाऱ्यासाठी ३४४० ठिपक्यांचा ३४ इंची. ४९ इंची फक्त त्याने घ्यावा ज्याचे टेबल पाच फूट लांब आणि अडीच फूट खोल आहे.

टेबलाची खोली मोजायला विसरू नका. या पडद्यांचे पाय पसरट असतात. ते टेबलाचा निम्मा भाग अडवतात, आणि मग पडदा नाकाशी येतो. वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली राहील इतका तो खालीवर सरकायला हवा. हे दुकानातच सरकवून पाहावे.

शेवटी तारेची गोष्ट. घरात असलेली जुनी तार आणि जुना संगणक लावला की नवा पडदा पुष्कळदा धूसर दिसतो आणि लोक पडद्यालाच दोष देतात. जुन्या एचडीएमआय १.४ च्या जोडणीवर ३४४० बाय १४४० चे चित्र साधारणपणे सेकंदाला ५० वेळांच्या पुढे जात नाही. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट असेल तर अडचण नाही. आपल्या संगणकाच्या मागचे भोक कोणत्या आकाराचे आहे त्याचा फोटो काढून दुकानात न्यावा. पडदा जोडल्यावर मांडणीत जाऊन ठिपक्यांचा आकडा ३४४० बाय १४४० असाच निवडलेला आहे ना, ते पाहावे. नसला तर गोल वाटोळे चाक लंबगोल दिसते आणि माणसे जाडजूड. पडदा खोक्यातून काढताना दोघांनी दोन्ही टोकांना, खालच्या कडेला धरून उचलावा. काचेवर अंगठा दाबू नये. आणि खोके, आतल्या पांढऱ्या पुठ्ठ्यासकट, निदान हमीची मुदत संपेपर्यंत माळ्यावर ठेवून द्यावे. एवढी लांब वस्तू दुरुस्तीला एसटीने न्यायची वेळ आली तर दुसऱ्या कशात बांधून नेता येत नाही.